सुरतेचे पाद्री आणि वसईचा आठवडा

नवसारीकडून सुरतेला निघालेल्या माणसाला पलसाणा लागतंच. आज तिथं मुंबई-अहमदाबाद महामार्गाचा चौक आहे, आसपास कापडाच्या गिरण्या आणि रंगशाळा आहेत, चलथाणचा साखर कारखाना आहे. पूर्वी पलसाणा हा बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातला महाल होता, म्हणजे मराठी अंमलातलं गुजराती गाव. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात त्याचं नाव येत नाही, पण एका प्रश्नाकडे बघायला ही जागा फार सोयीची आहे. उत्तरेला हाकेच्या अंतरावर सुरत. तिथं सतराव्या शतकात कॅथलिक पाद्री होते, त्यांना मान होता आणि मोगल अंमलदारांचं अभयही होतं. दक्षिणेला शंभर किलोमीटरच्या आत दमण, आणि त्याच किनाऱ्याने आणखी खाली उतरलं की वसई. तिथले युरोपीय पाद्री 1739 साली गाशा गुंडाळून गेले. सरळ हिशेबाने सुरतेत कॅथलिक समाज फोफावायला हवा होता आणि वसईतला विरून जायला हवा होता. घडलं उलटंच. सुरतेच्या त्या जुन्या मंडळीचा मागमूस लागत नाही. वसईत मात्र मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांची गावंच्या गावं आजही रविवारी सकाळी घराबाहेर पडतात. हे का झालं, याचं माझं उत्तर थोडक्यात असं: श्रद्धा टिकवली ती आठवड्याने. सत्तेचा, पाद्र्यांचा आणि भव्य इमारतींचा वाटा त्यात आहे, पण तो दुय्यम आहे.

आधी सुरत पाहू. फ्रेंच कापुचिन पंथाच्या पाद्र्यांनी 1640च्या सुमारास इथं बस्तान बसवलं. फादर आम्ब्रोज हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. त्यांचा शब्द वखारवाल्यांत आणि मोगल अधिकाऱ्यांत सारखाच चाले. मराठी वाचकाला ते एका वेगळ्याच कारणाने ठाऊक असायला हवेत. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा या पाद्र्यांच्या घराला हात लावू दिला नाही. फ्रेंच प्रवासी बर्निए याने ते नोंदवलं आहे, आणि हे पाद्री भले लोक आहेत असं महाराजांनी म्हटल्याचंही त्याने लिहिलं आहे. इंग्रज आणि डच आपापल्या वखारी बंदुकांच्या जोरावर राखत होते. पाद्र्यांचं घर केवळ त्यांच्या लौकिकावर वाचलं. धर्मप्रसारकाला याहून चांगलं प्रशस्तिपत्र कुठलं मिळणार? पण ज्या समाजासाठी हे पाद्री मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, म्हणत होते तो कोण होता? तो वखारींच्या आसऱ्याने राहणारा, जहाजांबरोबर येणारा-जाणारा समाज होता. सुरतेचं बंदर म्हणजे सुवाळीचा धक्का, आणि सुवाळीचं वेळापत्रक वाऱ्याच्या हाती. पावसाळा सरला की जहाजं यायची, उन्हाळ्याच्या तोंडी निघून जायची. सुरतेचं जगणं असं हंगामाने चाले. या रविवारी शेजारी गुडघे टेकलेला माणूस पुढच्या रविवारी मोखा बंदराच्या वाटेवर असे. पुढे व्यापार मुंबईकडे सरकला, फ्रेंचांची वखार खंगली आणि तिच्याबरोबर ती मंडळीही ओसरली. सुरतेत आज पाहायला काय उरलं आहे, तर युरोपीयांच्या कबरी: ऑक्झेंडन बंधूंची घुमटांची दुमजली समाधी, आणि केरळच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा ग्रंथ सिद्ध करवणाऱ्या, 1691 साली वारलेल्या व्हान रीड या डच अधिकाऱ्याचं थडगं. ही माणसं प्रोटेस्टंट होती, कापुचिनांच्या कळपातली नव्हेत. पण गोष्ट तीच. दगड टिकले, पण त्यांच्यासमोर प्रार्थना म्हणणारं वंशपरंपरेचं माणूस राहिलं नाही. आजच्या सुरतेत ख्रिस्ती आहेत, कॅथलिकही आहेत, दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यातही आहेत. 1966 साली स्थापन झालेल्या बडोदा धर्मप्रांताचा कारभार इथं चालतो. मात्र या समाजाची मुळं एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या मिशनांत आणि नोकरी-धंद्यासाठी झालेल्या स्थलांतरांत आहेत. फादर आम्ब्रोजशी त्यांना जोडणारा धागा सापडत नाही.

वसईची सुरुवात सुरतेइतकी शालीन नव्हती, हे आधीच कबूल करायला हवं. डिसेंबर 1534 मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने वसई आणि तिचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पाठोपाठ फ्रान्सिस्कन आले, मग जेझुइट आले. देवळं पाडली गेली, जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळवलं गेलं. पोर्तुगीज मुलखातल्या हिंदूंना रविवारी आळीपाळीने चर्चमध्ये बोलावून प्रवचनाला बसवावं, असे हुकूमही निघाले. म्हणजे या किनाऱ्यावर रविवार आला तो हुकमाने. सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी अशा जातींमधली माणसं ख्रिस्ती झाली. काहींची श्रद्धा असेल, काहींना सवलती हव्या असतील, काहींचा नाइलाज असेल. मनातलं गणित आता कोणाला मांडता येणार? पहिल्या दोन-तीन पिढ्यांत यातून निष्ठेची माणसंही घडली. वसईचा गोन्सालो गार्सिया 1597 साली जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर गेला आणि 1862 साली संतपदाला पोहोचला. पण एका संतावरून गावाची श्रद्धा मोजता येत नाही. ती मोजायची तर सक्ती उठल्यावर काय झालं ते पाहावं लागतं, आणि वसईच्या बाबतीत ती वेळ इतिहासानेच आणली.

मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तहानुसार मागे राहिलेल्या ख्रिस्त्यांना धर्म पाळायची मुभा मिळाली, पण बोटांवर मोजण्याइतकीच चर्चेस त्यांच्या हाती राहिली. युरोपीय संन्यासी निघून गेले. मागे उरले ते मुख्यतः गोव्याकडचे देशी पाद्री, तेही थोडे. किल्ल्यातले मठ ओस पडले, छपरं कोसळली, वडा-पिंपळांनी भिंती धरल्या. आणि घंटा गेल्या. वसईच्या मोहिमेत हाती लागलेल्या घंटा मराठी सरदारांनी आपापल्या देवस्थानांना वाहिल्या. नाशिकला पंचवटीत नारोशंकराच्या देवळावर जी प्रचंड घंटा टांगलेली आहे तिच्यावर 1721 हे साल आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यालगतच्या घाटावर तशीच एक आहे, 1707 सालची. नाशिकच्या घंटेचा नाद गोदेच्या काठी दूरवर ऐकू जायचा म्हणे, आणि मोठ्या आवाजाच्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणायची चाल मराठीत पडली. घंटा चर्चमध्ये केवळ शोभेचं काम करीत नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ ती प्रार्थनेची हाक देते, रविवारी मिस्सेला बोलावते, मरणाची वार्ता सांगते. गावाचा दिवस आणि आठवडा तीच मोजत असते. विजेत्यांनी नेमकं तेच यंत्र उचलून नेलं. मग आठवडा चुकायला हवा होता. पण सुमारे वीस वर्षांनी आंक्वेतील द्युपेराँ हा फ्रेंच विद्वान वसईलगतच्या साष्टीत हिंडला तेव्हा त्याला तिथं धर्म मोकळेपणाने पाळणारे ख्रिस्ती भेटले. ठाण्याच्या सणाला त्याने मोठी गर्दी पाहिली. साष्टी तेव्हा मराठ्यांच्याच ताब्यात होती. सक्ती करणारं सरकार तर नव्हतंच, आणि पेशवाईत ख्रिस्ती राहण्यात दुनियादारीचा फायदाही नव्हता.

या टिकण्याचं रहस्य शोधायचं तर गावाचा आठवडा उलगडून पाहिला पाहिजे. त्याच्या केंद्रस्थानी रविवारची मिस्सा होती हे खरं, पण मिस्सेला पाद्री लागतो, आणि बाकी जवळजवळ काहीही करायला तो लागत नाही. तिन्हीसांजेला घरोघर होणारा तेर्स, म्हणजे रोझरीची जपमाळ, घरातली सर्वांत थोरली बाई सांगते आणि बाकीचे ओढतात. मूल बोलायला लागलं की ‘नमो मारिया’ त्याच्या तोंडी बसतं, तेही धर्मशिक्षणाच्या वर्गात जायच्या कितीतरी आधी. शनिवार पवित्र मरियेचा. गावच्या वेशीवरच्या, विहिरीजवळच्या क्रुसापाशी लदीन, म्हणजे आळवणीची प्रार्थना, म्हणायला चर्चची किल्ली लागत नाही. मे महिन्यात त्या क्रुसाला हार पडतात, आणि क्रूस सगळ्या आळीचा असल्यामुळे हार कोणी घालायचा हेही आळीच ठरवते. शुक्रवारी मांस वर्ज्य. चुलीवर सुकटीचं किंवा बोंबलाचं कालवण शिजतं, मासळीला मनाई नाही. उपासकाळात त्याच शुक्रवारी क्रुसाची वाट. आता या शुक्रवारकडे मराठी नजरेनं बघा. शेजारची बाई सोमवार धरते, कोणी गुरुवार पाळतं, कोणी शनिवारी मारुतीला तेल घालतं. वारानुसार ताटात काय वाढायचं हे ठरवणं या मातीला शिकवावं लागलं नाही. ख्रिस्ती झालेल्या घराने वार बदलला, वार पाळायची सवय तीच राहिली. मिस्सेच्या आधी मध्यरात्रीपासून निर्जळी उपास करायचा, हा नियम 1953 पर्यंत कॅथलिक जगभर होता. युरोपातल्या शहरी माणसाला तो जाचक वाटत असेल. एकादशी पाहिलेल्या किनाऱ्यावर त्याचं ओझं कोणाला वाटावं?

भाषेनेही तीच साक्ष ठेवली आहे. या समाजाने पोर्तुगीज शब्द भरपूर घेतले: पाद्री, क्रूस, तेर्स, लदीन, नाताळ. हे सगळे वस्तूंचे, विधींचे, माणसांचे शब्द. पण चर्चला वसईतलं आणि मुंबईच्या गावठाणांतलं जुनं माणूस देऊळ म्हणतं. आयतवारी देवळात जातो, हे वाक्य ऐकून परक्याला बोलणाऱ्याचा धर्म ओळखता यायचा नाही. पुढे मराठी कॅथलिकांनी ‘पॅरिश’ला प्रतिशब्द केला तो धर्मग्राम. शब्द घडवणारा विद्वान असला तरी त्याला ग्राम सुचावं, यात बरंच काही आलं. या साऱ्याला ग्रंथाचा आधार हवा होता, तो गोव्याकडून आला. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ एका गाऱ्हाण्यातून सुरू होतो. आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी ऐकायला दुसरं पुराण का देत नाही, असं एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो. प्रश्न साधा वाटतो, पण धर्मांतराचं मर्म त्यात आहे. देव बदलता येतो, संध्याकाळ रिकामी ठेवता येत नाही. स्टीफन्सला ते कळलं. सरकारला कळलं नाही. 1684 साली गोव्यात फर्मान निघालं की रयतेने तीन वर्षांत पोर्तुगीज शिकून देशी भाषा सोडावी. फर्मान कागदावर राहिलं, ओव्यांच्या प्रती हाताने उतरवल्या जात राहिल्या.

या मांडणीवर तीन आक्षेप येतील, आणि तिन्ही हलके नाहीत. पहिला असा की गोव्याचे देशी पाद्री राहिले नसते तर तेर्स आणि क्रूस किती काळ पुरले असते? बाप्तिस्मा घरच्या माणसाला देता येतो, पण मिस्सा आणि पापनिवेदन पाद्र्यावाचून होत नाही. हे मला मान्य आहे. पण सुरतेतही पाद्री होते, आणि जास्त विद्वान होते. पाद्री ही गरज झाली. तेवढीच पुरेशी असती तर सुरत टिकली असती. शिवाय तुटपुंज्या संख्येतल्या पाद्र्यांना ज्यांनी पोसलं, ज्यांनी पडकी छपरं शाकारली, तो गावच होता. त्याला रविवारची निकड होती म्हणून पाद्री राहिला.

दुसरा आक्षेप जातीचा आणि जमिनीचा. वसईकर शेतकरी होते, पानमळे आणि केळीच्या बागा उचलून कुठे नेता येत नाहीत. लग्नं जातीतच होत होती. मग समाज टिकला तो जात आणि माती यांमुळे, असं का म्हणू नये? या आक्षेपात सर्वांत जास्त दम आहे, आणि सुरतेशी केलेली माझी तुलना त्यापुढे थोडी लंगडते, कारण सुरतेच्या मंडळीजवळ दोन्ही नव्हतं. पण त्याचं उत्तर वसईतच आहे. 1820 आणि 1828च्या सुमारास या भागातल्या बऱ्याच ख्रिस्ती कुटुंबांना शुद्ध करून हिंदू धर्मात घेतलं गेलं. पटकीच्या साथीचा धसका हेही त्यामागचं एक कारण सांगितलं जातं. या लोकांना ‘नवे मराठे’ असं नाव पडलं. ही कुटुंबं त्याच मातीतली, त्याच जातींतली. जात आणि जमीन यांनी समाज म्हणून त्यांना राखलं, ख्रिस्ती म्हणून राखलं नाही. माणसाला गावात धरून ठेवायचं काम जातीने केलं, त्याचा धर्म कुठला हे तिने ठरवलं नाही. ते ठरलं आणखी कशाने तरी, आणि राहिलेल्यांकडे पाहिलं तर रोजचा तेर्स आणि आयतवारचं देऊळ याहून सलग असं काही मला दिसत नाही. तरी हा निर्वाळा मी पूर्ण भरवशाने देणार नाही. गेलेल्यांच्या घरी तेर्स होत नव्हता असं कोण सांगेल? महामारीपुढे सवयही हरते, एवढं या प्रकरणातून कबूल करावं लागतं.

तिसरा आक्षेप इंग्रजांचा: ख्रिस्ती सरकार आलं म्हणून हे लोक तरले. पण ईस्ट इंडिया कंपनी कॅथलिक नव्हती, आणि वसईवर तिचा अंमल बसेपर्यंत पाऊण शतक उलटलं होतं. उलट मुंबईत कंपनीच्या छत्राखाली कॅथलिकांची दोन तट पडून भांडणं झाली. एक तट पोर्तुगालच्या राजाचा धर्मसंरक्षणाचा हक्क मानणारा, म्हणजे पाद्रोआदोचा, आणि दुसरा थेट रोमच्या प्रोपागंडाचा. 1853च्या मार्चमध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बिशप अनास्तासियस हार्टमन स्वतःला कोंडून घेऊन बसले, बाहेर धर्मग्रामातल्याच लोकांनी वेढा दिला, आणि हे बरेच दिवस चाललं. मरेन पण चर्च सोडणार नाही, अशी बिशपांची भूमिका. अखेर सरकारी अधिकारी मध्ये पडले आणि चर्च पाद्रोआदोच्या बाजूला गेलं. चर्चच्या इतिहासात हे शरमेचं प्रकरण म्हणून सांगतात. मला ते पुरावा म्हणून मोलाचं वाटतं. बिशपाला दाराबाहेरून धमकावणारा भाविक देवळाला आपली मिळकत समजतो. ही मालकी त्याला कुठल्या सनदेनं दिली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या दर आयतवारी ज्या दारातून आपण आत जातो ते आपलंच, एवढाच त्याचा दाखला. सुरतेच्या कापुचिनांना कोणी असा वेढा दिल्याचं ऐकिवात नाही. तिथल्या मंडळीला चर्चवरून भांडण्याइतकं चर्च आपलं वाटलंच नसावं.

याच माहीमच्या चर्चमध्ये सप्टेंबर 1948 पासून बुधवारची नोव्हेना सुरू झाली, नित्य साहाय्यक मातेची. बुधवार हा काही चर्चच्या परंपरेतला मोठा वार नव्हे. तरी दर बुधवारी माहीमला गर्दी लोटू लागली आणि त्यात हिंदू, मुसलमान, पारशी सगळे आले, मेणाची घरं-बाळं हातात घेऊन. नऊ बुधवार धरायचे, ही बोली सोळा सोमवार धरणाऱ्या शहराला समजावून सांगावी लागली नाही. रविवारच्या सुट्टीचंही असंच आहे. गिरणी कामगारांसाठी ती 1890 साली मिळवली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी, आणि रविवार हा खंडोबाचा वार आहे, हे त्यांच्या मागणीमागचं एक कारण होतं. ख्रिस्ती राज्यकर्त्यांचा सब्बाथ मराठी कामगाराच्या पदरात पडला तो मल्हारी मार्तंडाच्या नावाने.

पुढच्या काळात आठवड्याची भाषाही बदलली. 1963च्या डिसेंबरात व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतल्या उपासनेला वाट मोकळी केली आणि काही वर्षांतच वसईत मिस्सा मराठीत होऊ लागली. त्याआधी 1955 साली ‘सुवार्ता’ मासिक सुरू झालं होतं. त्याचं संपादन दीर्घकाळ फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलं, आणि ते 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 1998 साली वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाली. लॅटिन गेली म्हणून हळहळणारी माणसं वसईत फारशी नव्हती. लॅटिन मिस्सा चालू असताना बाया हातातली जपमाळ मराठीतच ओढत होत्या.

एक गोष्ट मात्र या साऱ्या उलथापालथीत कोणी बदलली नाही. पोर्तुगीज भाषेत आठवड्याच्या वारांना देवांची नावं नाहीत. सहाव्या शतकातल्या ब्रागाच्या मार्तीन नावाच्या बिशपाने मूर्तिपूजकांच्या देवांची नावं वारांतून काढायला लावली असं म्हणतात. म्हणून सोमवार हा त्यांचा ‘दुसरा’, मंगळवार ‘तिसरा’, शुक्रवार ‘सहावा’. ज्या राष्ट्राने वारांची एवढी साफसफाई केली त्याने दोनशे वर्षं वसईवर आणि साडेचारशे वर्षं गोव्यावर राज्य केलं. आणि आजही मिस्सेला निघालेला वसईकर आदित्याचं नाव घेत आयतवारी निघतो, शुक्राच्या वारी मांस टाळतो, आणि गोव्यातली कॅथलिक आजी गुरुवारला बृहस्पतीची आठवण ठेवून ‘ब्रेस्तार’ म्हणते.